शनिवारचं पाणी

नारखेडे मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी माणसं मोजायच्या. ओठ हलायचे, आवाज नाही. मोजून झालं की बोलायचं की गप्प राहायचं हे त्यांचं ठरे, आणि बहुतेक वेळा गप्प राहायचंच ठरे. आमच्या नांदुऱ्याच्या ट्रस्टच्या दवाखान्यात त्यांनी नऊ वर्षांच्या सगळ्या मिटिंगा अशाच, खुर्चीच्या कडेला बसून, पदर सारखा करत काढल्या. मी एकदा न राहवून विचारलं, "मॅडम, तुमी मिटिंगमंदी काईच काऊन बोलत नाई?"

"संख्या भरली नाही, तायडे," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

मला तेव्हा वाटलं, बाई भित्र्या आहेत आणि भित्रेपणावर शास्त्राचं पांघरूण घालतात. हे मत मी बरीच वर्षं जपलं. ते मोडायला दोन शनिवार लागले. त्यातल्या पहिल्या शनिवारी इंगळे गुरुजींचा जीव जाता जाता राहिला, आणि दुसरा शनिवार यायच्या आत काय करायचं, एवढाच प्रश्न उरला. तो आठवडा मी अजून विसरलेलो नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

मॅडम सूक्ष्मजीवशास्त्रातल्या. रक्त, लघवी, जखमेतला पू, पाणी, जे येईल त्यातले जंतू वाढवायचे आणि ते कोण आहेत ते ओळखायचं, हे त्यांचं काम. मी, तायडे, त्यांचा टेक्निशियन. नमुने आणायचे, जंतू वाढवायच्या प्लेटी ओतायच्या, घासलेल्या काचा पुन्हा घासायच्या, आणि बोलणी खायची. त्यांच्या एप्रनची डावी बाही स्पिरिटच्या दिव्यावर कधीतरी जळाली होती. नवीन एप्रन दोनदा मिळाला, दोन्ही वेळा त्यांनी तो मला देऊन टाकला. दुपारी लॅबच्या बाहेर पायरीवर बसून फुटाणे खायच्या, कारण आत खाणं बंद, आणि तो नियम त्यांनीच केलेला. प्लेट नाकाशी न्यायची नाही हाही नियम त्यांचाच, पण तो मात्र फक्त आम्हाला लागू होता. स्वतः त्या झाकण अर्धवट उचलून, मान वाकडी करून हळूच वास घेत आणि दोन दिवसांनी येणारा रिपोर्ट तिथल्या तिथे सांगून टाकत. तो क्वचितच चुकायचा.

सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडताना त्यांचा एकच प्रश्न असे, "काय, जमली का मंडळी?" जंतूंना त्या मंडळी म्हणत. आम्ही चुकलो की आम्हाला महाशय म्हणत. दोन्हींत मान कोणाला जास्त होता हे सांगायला नको.

"जंतू मुका नसतो, तायडे," हे त्यांचं आवडतं वाक्य. "थांबलेला असतो."

दरवर्षी लॅबमध्ये शिकाऊ मुलामुलींची नवी तुकडी आली की त्या हे वाक्य अगरबत्त्या लावून शिकवत. मिटिंगच्या मोठ्या हॉलमध्ये खिडक्या उघड्या, पंखे चालू, आणि मध्ये एकच अगरबत्ती. "ही एक जंतू समजा. वास म्हणजे तिचा निरोप. प्रत्येक जंतू असा थोडा थोडा निरोप सोडत असतो, सतत. ज्याला वास येईल त्याने टाळी वाजवायची." कोणी टाळी वाजवत नसे. मग दहा अगरबत्त्या. एक टाळी, दुसरी, आणि मग एकदम कडकडाट. "आलं लक्षात? निरोप पातळ असेल तोवर जो तो आपापलं खातो-पितो, गुमान राहतो. निरोप दाट झाला की सगळ्यांना एकाच वेळी कळतं, आपण पुरेसे झालो. मग मिळून उद्योग सुरू. चिकट पांघरूण विणायचं, विष सोडायचं. एकट्याने विष सोडलं तर शरीर त्याला चिरडून टाकेल. ग्रामपंचायतीच्या सभेसारखंच आहे. कोरम भरल्याशिवाय ठराव नाही."

खरी गंमत पुढे असे. एकच अगरबत्ती घेऊन त्या सहा पोरांना औषधांच्या कोठीत न्यायच्या आणि दार लावून घ्यायच्या. दोन मिनिटांत आतून टाळ्या. बाहेर स्टोअरकीपर बोंबलत असायचा, "मॅडम, माह्या कोठीले आग लावता का?" आत मॅडम शांतपणे विचारत, "जंतू किती?" एकच. "मग टाळी का वाजली?" पोरं अगरबत्तीकडे पाहत राहत. "कोंडला म्हणून. निरोपाला बाहेर जायला वाट नाही, साचत गेला. एकटाच आहे, पण त्याला वाटलं गर्दी झाली."

मी हा तमाशा नऊ वेळा पाहिला. परीक्षेत विचारला तर पैकीच्या पैकी मिळाले असते. पण पाठ असणं आणि कळणं यात काय फरक असतो ते नंतर कळलं.

त्या स्वतः याच नियमाने जगायच्या. एकदा तपासणी शिबिरासाठी आम्ही एसटीने पिंपळगाव राजाला निघालो होतो. ड्रायव्हरने एका हातात मोबाइल धरलेला, दुसऱ्या हातात स्टिअरिंग, आणि बोलण्यात तो इतका रंगला होता की समोरून आलेला कापसाचा ट्रॅक्टर त्याला शेवटच्या क्षणी दिसला. गाडीतल्या सगळ्यांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला, पण तोंडातून शब्द कोणाच्याच फुटेना. मी मॅडमला कोपराने ढोसलं. त्यांनी मान वर करून माणसं मोजली. मग पुढच्या सीटवरच्या बाईकडे वाकून हळूच विचारलं, "ताई, तुमाले भेव वाटून राह्यलं का?"

"हाव न बाई, लय."

"मंग त्या पुढच्या बाईले इचारा, तिलेबी वाटते का."

प्रश्न सीटमागून सीट पुढे सरकत गेला. पाच मिनिटांत गाडीभर कुजबुज, आणि मग एकदम चाळीस तोंडांतून आवाज, "ओ डायव्हर, फोन ठेव न बे!" ड्रायव्हरच्या हातून फोन पडायचाच राहिला. मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या, जशा काही त्या गावच्याच नव्हेत.

"एकटी बोलले असते तर म्हणाला असता, बाई, उतरा खाली," त्या नंतर म्हणाल्या. "एकट्याने बोलायचं नसतं."

इंगळे गुरुजी त्याच पिंपळगाव राजाचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत दोन्ही किडन्यांनी साथ सोडली. बुधवारी आणि शनिवारी एसटीने यायचे, आमच्या डायलिसिसच्या खोलीत चार तास मशीनला जोडलेले पडायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. सोबत कायम एक चाळीस पानी वही. त्यात स्वतःचं वजन, बीपी, आणि त्या दिवशी सिस्टर हसली की नाही हेसुद्धा. मास्तरकीची सवय.

दिवाळीनंतर त्यांना डायलिसिसच्या मध्येच थंडी भरायला लागली. दात वाजायचे, पलंग हलायचा, ताप चढायचा. अकोल्याहून आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. त्यात काही उगवलं नाही. त्यांनी औषधं बदलली. सिस्टर म्हणाली, एसी जास्त आहे. ट्रस्टचे सचिवसाहेब म्हणाले, म्हातारं माणूस, एसटीत हवा लागते. पाण्यावर मात्र कोणी संशय घेतला नाही. डायलिसिसला लिटरभर नाही, पिंपभर पाणी लागतं, ते पातळ पडद्याआडून रक्ताच्या शेजारून वाहतं, त्यामुळे पाणी वाईट तर सगळंच वाईट. पण पाण्याचा रिपोर्ट दर महिन्याला 'योग्य' यायचा आणि त्याखाली नारखेडे मॅडमची सही असायची. मॅडमची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एका शनिवारी सकाळी मशीनला लागायच्या आधी गुरुजी वही घेऊन लॅबच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, हे पाहा बरं. मी मास्तर मानूस, हजेरी लावल्याबिगर मले चैन पडत नाई."

वहीत रकाने पाडलेले. बुधवारचे सगळे कोरे. शनिवारच्या खाली लाल शाईने 'थं', 'थं', 'थं'.

"दुसऱ्याइलेबी इचारलं मी. सोमवार-मंगळवारवाल्याइले काईच होत नाई. शुक्कीरवारी तिघाइले थंडी वाजते. शनिवारी आमाले सगळ्याइले. जंतूले वार समजते का हो, मॅडम?"

मॅडम हसल्या नाहीत. वहीकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे. भिंतीवर कामाचं वेळापत्रक, त्यांच्याच अक्षरात, नऊ वर्षांपूर्वी रुजू झाल्या त्या आठवड्यात लिहिलेलं. पाणी नमुना : पहिला सोमवार.

"तायडे, रविवारी डायलिसिस युनिटला काय असतं?"

"सुट्टी. पाइपलाइन औषधानं धुतात."

"आणि आपण पाणी कधी घेतो?"

मी कागदावरच्या 'सोमवार'वर बोट ठेवलं. सोमवारी बाक मोकळा असे, प्लेटी ताज्या असत, बुधवारी रिपोर्ट ऑफिसात जाई. सोयीचं होतं, बस्स. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीच शहाण्यासारखा बाटली घेऊन जात होतो.

"आंघोळ करून आलेल्या माणसाचा मळ तपासतोय आपण," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "नऊ वर्षं."

गुरुजी म्हणाले, "मंग आज लावू का नको मशीन?"

मी मॅडमच्या ओठांकडे पाहिलं. ते हलले. गुरुजी, मी आणि त्या स्वतः. तीन. हातात पुरावा काही नाही, एका मास्तराची वही तेवढी. डॉक्टर अकोल्याला, युनिट सुरू झालेलं. डायलिसिस चुकवलं तर तेही जिवावर बेततं. मॅडम म्हणाल्या, "घ्या लावून, गुरुजी. मी पाहते."

दोन तासांनी सिस्टरची हाक आली. आम्ही धावलो. गुरुजींचा पलंग खडखड वाजत होता, ओठ निळे पडलेले, बीपी लागत नव्हतं. मशीन बंद केलं, पाय वर केले, सलाईन सोडलं. फोनवर डॉक्टर सांगत होते आणि सिस्टर करत होती. मॅडम गुरुजींचे पाय दोन्ही हातांनी दाबून धरून उभ्या होत्या. तासाभराने गुरुजींनी डोळे उघडले. डॉक्टर फोनवर म्हणाले, वाचले, पण हृदय थकलंय, पुन्हा असं झालं तर झेपायचं नाही.

पुन्हा म्हणजे पुढचा शनिवार.

त्याच दुपारी आम्ही मशीनमागच्या नळाचं पाणी घेतलं. मॅडमनी प्लेटी इन्क्युबेटरमध्ये ठेवल्याच नाहीत, बाहेर फळीवर ठेवल्या. "ही मंडळी अंगाच्या उबेतली नाहीत, पाण्यातली आहेत. सावकाश येतात. मी त्यांना दोनच दिवस देत होते, तेही उकाड्यात." ही त्यांच्या चुकीची दुसरी बाजू होती. ती त्यांनी मी न विचारताच सांगितली.

मग त्या युनिटमध्ये जाऊन पाइपलाइनच्या मागे वाकून फिरल्या. चार नंबरचं मशीन दोन वर्षांपूर्वी काढलं होतं, पण त्याच्याकडे जाणारी नळी तशीच ठेवून तोंडाला टोपण लावून दिलं होतं. दीड हात लांब. त्यात पाणी शिरत होतं आणि पुढे जायला वाट नव्हती. मॅडमनी पेनाने त्या नळीवर टकटक केलं.

"कोठी," त्या म्हणाल्या. मला लगेच कळलं.

रविवारचं औषध पुढून वाहून जायचं, त्या आंधळ्या नळीत नीट शिरायचंच नाही. तिथे साचलेल्या पाण्यात निरोप दाट होत जायचा, मंडळी पांघरूण विणून आत बसायची, आणि सोमवारपासून पुन्हा लाइनभर पसरायची. शुक्रवार-शनिवारपर्यंत जिवंत-मेलेल्या जंतूंचा इतका चुरा पाण्यात व्हायचा की त्यातले बारीक तुकडे पडद्यातून पलीकडे जायचे. रक्तात काही उगवायचं नाही, कारण जंतू जातच नव्हते. त्यांचं विष जात होतं. अर्थात हे सगळं आमच्या डोक्यात होतं. फळीवरच्या प्लेटी सोमवारी कोऱ्या होत्या आणि मंगळवारीही कोऱ्याच.

बुधवारी गुरुजी आले, चार तास सुखरूप पडले आणि जाताना दारातून म्हणाले, "शनिवारी भेटू, मॅडम." मॅडमनी नुसता हात वर केला. त्या दिवशी फुटाण्यांची पुडी तशीच राहिली. मी प्लेटींकडे दर तासाला जाऊन पाहत होतो. दूध उतू जाईल म्हणून पाहावं तसा. मला देवाकडे काय मागावं तेही कळत नव्हतं. उगवले तर आमची अब्रू जाते, न उगवले तर गुरुजी.

गुरुवारी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले. शुक्रवारी दुपारी प्लेटींवर जागा उरली नव्हती. मॅडमनी पेन घेऊन मोजायला सुरुवात केली, पाव प्लेटही झाली नसेल, पेन ठेवलं. जन्मभर सगळं मोजत आलेल्या बाई म्हणाल्या, "मोजता येत नाही."

चार वाजता आम्ही सचिवसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मी ट्रेमध्ये प्लेटी धरलेल्या. साहेबांच्या टेबलावर सोमवारच्या कार्यक्रमाच्या पत्रिकांचा गठ्ठा होता, दोन नवीन मशीनचं उद्घाटन होतं. एसी चालू, दार बंद.

"साहेब, उद्यापासून युनिट बंद ठेवा," मॅडम म्हणाल्या. "चार नंबरची नळी कापायची, लाइन बदलायची. उद्याच्या पेशंटना खामगावला पाठवा, मी तिथे फोन केलाय, ते घेतील."

साहेबांनी प्लेट पाहिली आणि हात रुमालाला पुसले. तिला हात लावला नसतानाही. "मॅडम, सोमवारी पाहुणे येऊन राह्यले. तीन दिवसांनी बदलू न लाइन."

"उद्या शनिवार आहे."

"नऊ वर्षं तुमचीच सही आहे, पाणी योग्य म्हणून. मंग ते खोटं होतं का?"

"खोटं नव्हतं. चुकीचं होतं. वार मी ठरवला होता. चूक माझी आहे."

"हे लेखी द्याल?"

ते विचारण्यात काय होतं ते आम्हा तिघांनाही कळत होतं. उद्या काही झालं तर तो कागद कोणाच्या गळ्यात पडणार हे उघड होतं. मॅडमनी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्याच लिहायला लागल्या. साहेब माझ्याकडे वळले.

"तायडे, तू काय म्हणतोस बे?"

मी ट्रे टेबलावर ठेवून दिला. घरी दोन पोरं, बायको शिवण घेणारी, माझी नोकरी कायम नाही. मी म्हणालो, "मॅडमनं पाह्यलं असंल. मले तेवढं समजत नाई."

नऊ वर्षं मला पैकीच्या पैकी पाठ होतं, आणि मी म्हणालो समजत नाही. मॅडमचं पेन क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालायला लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे तुमी एकट्याच म्हणून राह्यल्या," साहेब म्हणाले.

"हो. एकटीच."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, केबिनमध्ये शिरताना आज त्यांचे ओठ हललेच नव्हते. दार बंद, खोली एवढीशी, आणि आत आठवडाभराचं साचलेलं. कागद साहेबांपुढे सरकवून त्या म्हणाल्या, "तुम्ही युनिट उघडलं तरी सकाळी मी दारात उभी असेन. प्रत्येकाला मीच सांगेन."

साहेबांनी बंद करण्याचा हुकूम दिला नाही. उघडण्याचाही दिला नाही. असल्या वेळी वरची माणसं असंच करतात.

शनिवारी सकाळी मॅडम युनिटच्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या, जळक्या बाहीच्या एप्रनमध्ये. पेशंट आणि त्यांची माणसं जमत गेली. मॅडमनी एकच गोष्ट प्रत्येकाला सांगितली. पाणी चांगलं नाही, नमुना चुकीच्या दिवशी घेतला जात होता, तो दिवस मी ठरवला होता.

एका पेशंटचा भाऊ अंगावर आला. "म्हंजे इतके साल आमाले घान पानी देल्लं? अन् सही तुमची?"

"हो. माझी."

"आमी आता जावाव कुठी?"

आवाज चढायला लागले. कोणी बाजूला व्हा म्हणत होतं, कोणी मोबाइलवर शूटिंग करत होतं. मॅडम दारावरून हलल्या नाहीत. मी जिन्याच्या पायथ्याशी होतो. तिथून दारापर्यंत आठ-दहा पावलं असतील. ती चालायला मला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन म्हणालो, "नमुना मी घेत होतो. सोमवारी. माझ्या हातानं."

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, चाळीस पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "शांत बसा! हजेरी घेऊ द्या."

गुरुजी वही उघडून उभे होते. काठीवर भार, गळ्यात मफलर.

"डायलिसिस चालू असताना ज्याले ज्याले थंडी वाजते, त्यानं हात वर करा. लाजू नका."

आधी त्यांचा स्वतःचाच हात. मग भिंतीशी टेकलेल्या एका बाईचा. मग त्या अंगावर आलेल्या माणसाने आपल्या भावाकडे पाहिलं, आणि भावाने हात वर केला. मग सगळेच. दारातल्या सिस्टरनेही हात वर केला आणि म्हणाली, "मी पाह्यलं, दर शनिवारी." गुरुजी एकेक नाव लिहून घेत होते. साहेब वरच्या गॅलरीत येऊन उभे राहिले होते. त्यांनी खाली किती हात आहेत ते पाहिलं आणि आत गेले. दहा मिनिटांत दवाखान्याची गाडी दारात लागली आणि सगळ्यांना खामगावला घेऊन गेली.

दुपारी प्लंबरने ती आंधळी नळी कापली. आतून बुळबुळीत थर निघाला, भेंडी चिरल्यावर सुटते तशी तार. प्लंबर दोन पावलं मागे सरला. मॅडमनी मान वाकडी करून वास घेतला.

लाइन बदलली. उद्घाटन पुढे गेलं. आणि मॅडमना, त्यांनी स्वतः लिहून दिलेल्या चुकीच्या आधारे, करार पुढे वाढवत नसल्याचं पत्र मिळालं. पत्र हातात आलं तेव्हा त्या माझ्यासमोरच होत्या. मला फार राग आला, साहेबांचा आणि त्याहून माझा. मी केबिनमधल्या त्या वाक्याची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू आलास ना दारापर्यंत. महाशयांना थोडा उशीर झाला, एवढंच."

त्यांचा शेवटचा दिवस शनिवारीच आला. नवीन लाइनवरचा पहिला शनिवार. गुरुजी पलंगावर, वही छातीवर. मॅडम शेजारी स्टुलावर बसलेल्या, हात पांघरुणावरून गुरुजींच्या पायावर. पहिला तास गेला. दुसरा संपत आला, तशी सिस्टरने जास्तीची दोन ब्लँकेटं आणून पायथ्याशी ठेवली आणि सलाईन टांगून ठेवलं. हीच ती वेळ. गुरुजी घड्याळाकडे पाहत होते, मॅडम गुरुजींच्या हनुवटीकडे, कारण थंडी आधी तिथेच सुरू व्हायची. खोलीत फक्त मशीनचा आवाज. एकदा गुरुजींच्या अंगावर शहारा आल्यासारखं वाटलं आणि मॅडम अर्ध्या उठल्या.

"काई नाई," गुरुजी म्हणाले. "खोकला आला."

सव्वादोन तास. अडीच. तीन. ब्लँकेटं घडीची घडी राहिली. गुरुजींनी वही उघडली. "मॅडम, आज काय लिहू?"

मॅडमनी गुरुजींच्या हातातलं पेन घेतलं आणि शनिवारच्या रकान्यात स्वतः लिहिलं : ह. हजर. मग डोळ्यांना पदर लावून त्या सरळ रडल्या, सगळ्यांसमोर, आणि गुरुजी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

जाताना त्या लॅबमध्ये आल्या, भिंतीवरच्या कागदावर 'सोमवार' खोडलं, 'शनिवार' लिहिलं आणि एप्रन खुंटीला अडकवला. मी पिशवी घेऊन मागे निघालो. डायलिसिसच्या दारापाशी त्या थांबल्या आणि आत पाहिलं. ओठ हलायला लागले. पहिल्या पलंगापासून शेवटच्या पलंगापर्यंत, सावकाश. मी कधी नाही ते त्यांच्याबरोबर मोजत होतो.

"किती भरले, मॅडम?" मी विचारलं.

"सगळे आहेत," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.